लोहाराच्या भात्यावर गाण्याची बैठक: आधी विस्तव, मग सूर

भात्यावर, म्हणजे लोहाराच्या कामाच्या जागी, गाण्याची बैठक ठरवणारे बहुतेक जण एकच चूक करतात. भट्टी धगधगती ठेवतात आणि तिच्या शेजारीच गायला बसतात. पंधरा मिनिटांत ढोलकीचा सूर चढतो, पेटीत कोळशाची बुकणी जाते आणि घणाच्या आवाजात ओवी बुडून जाते. लोहाराला धड काम करता येत नाही, धड गाणं ऐकता येत नाही. पुढच्या वर्षी तो नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, पेठ, कळवण या पट्ट्यात अशा बैठका करताना आम्हीही सुरुवातीला हेच केलं. सामान कमी पडलं म्हणून बैठक बिघडली असं फार थोड्या वेळा झालं, बिघडली ती क्रम चुकल्यामुळे. म्हणून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. लोखंडाचं काम आणि गाणं एकाच वेळी चालवायचं नाही, हे पहिल्यापासून पक्कं ठेवा.

१. आधी लोहाराकडे जा, कलावंतांकडे नंतर

गोंधळ्यांना सुपारी दिली, भजनी मंडळाला सांगून झालं आणि मग लोहाराला विचारायला गेलं, की त्याला नाही म्हणायची सोयच उरत नाही. पहिला फेरा त्याच्याकडेच घाला. लोखंड तापलेलं असताना बोलणं काढू नका. बोलण्यात लक्ष गेलं की ताव (लोखंडाला चढलेली धग) जातो आणि कोळसा फुकट जळतो. दुपारी भाकरीच्या वेळेला जा.

विचारायच्या गोष्टी:

- भाता कोणत्या दिवशी बंद असतो? काही घरं अमावास्येला विस्तव करत नाहीत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी काम मागू नये.
- ऐरणीला कोणी हात लावलेला चालतो आणि कोणी नाही? नारळ वाढवायचा तर कुठे?
- घण कोण मारणार? नेहमीचाच माणूस हवा. हौशी पाहुण्याच्या हातात घण द्यायचा नाही.
- दिवसाची कमाई किती बुडेल, कोळसा किती लागेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो संकोचाने टाळेल. "आपलंच गाव आहे, पैशाचं काय" असं म्हणेल. तरीही बुडालेल्या मजुरीचे आणि कोळशाचे पैसे आदल्या दिवशी हातात द्या. कलावंतांना बिदागी आणि ज्याच्या दारात बैठक त्याला नुसता नारळ, हे बरोबर नाही.

घिसाड्यांच्या (फिरत्या लोहारांच्या) पालावर बैठक करायची असेल तर घरातल्या बाईशीही बोला. तिथे घण पुष्कळदा तीच मारते आणि दिवस कसा जाणार हे तिलाच ठाऊक असतं.

२. तारीख

मृगाच्या आधीचे दोन महिने भात्यावर नांगर, वखर, पाभरीची रांग लागते. तेव्हा विचारूसुद्धा नका. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे भातकापणीच्या तोंडावर विळ्यांची गर्दी असते. मोकळा काळ मिळतो तो साधारण मार्गशीर्ष-पौषात, आणि तेव्हाच्या थंडीत विस्तवाची ऊबही हवीशी वाटते.

मात्र याच दिवसांत कलावंत अडकलेले असतात. चंपाषष्ठीला आणि पौष पौर्णिमेच्या चंदनपुरीच्या यात्रेला वाघ्या-मुरळी मिळणार नाहीत. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, त्याच्या आधीचा आठवडाभर दिंड्या वाटेवर असतात, म्हणून भजनी मंडळाला विचारू नका. लग्नाच्या तिथी पंचांगात पाहून घ्या, त्या दिवसांसाठी गोंधळी सर्वांत आधी ठरून जातात.

तपासा: लोहार, घणकरी, मुख्य गायक या तिघांना एकच तारीख तोंडी सांगून झाली का? निरोप्यामार्फत नव्हे, स्वतः.

३. कोणाला बोलवायचं

चार-पाचांपेक्षा जास्त गट नकोत. तीन असतील तर उत्तम. गट निवडताना एक गोष्ट बघा: या जागेत, माइकशिवाय, पन्नास-साठ माणसांना ऐकू जाईल का? नाशिक ढोलाचं पथक मोकळ्या मैदानात अंगावर काटा आणतं, पण पत्र्याच्या छपराखाली त्याचा नुसता गडगडाट होतो. ते या बैठकीला नको.

ओव्या म्हणणाऱ्या बायकांना सतरंजीवर बसवून "म्हणा आता" म्हटलं की त्या लाजतात, दोन ओळी म्हणून थांबतात. जातं आणा. खरं जातं, आणि पायलीभर ज्वारी किंवा नाचणी. दोघी समोरासमोर बसल्या, खुंट्याला हात लागला, दोन फेरे फिरले की ओवी आपोआप येते. आमच्याकडे एका मावशींना घरी तीनदा विचारलं तर "मला काही येत नाही" हेच उत्तर होतं. जात्यावर बसल्या तेव्हा पाऊण तास थांबल्या नाहीत. मधेच एकदा दळण संपलं, तर रिकामं जातं फिरवायला त्यांनी साफ नकार दिला. तेव्हापासून दाणे आम्ही जास्तच ठेवतो.

गोंधळ हे विधीचं गाणं आहे. चौक मांडायचा, देवतांना बोलवायचं, मग आख्यान, शेवटी आरती. त्याचे दहा मिनिटांचे तुकडे मागू नका. वेळ कमी असेल तर गोंधळ्यांनाच विचारा की एवढ्या वेळात काय रीतसर होईल. सुरगाणा-कळवणकडच्या कोकणा आदिवासी मंडळींकडेही अशी गाणी आहेत. डोंगऱ्या देवाची गाणी त्या उत्सवाबाहेर म्हणायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारू नये.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर बोलावतानाच परवानगी घ्या. बैठक सुरू झाल्यावर मोबाइल समोर धरणं म्हणजे समोरच्या माणसाची अडचण करणं.

४. जागा आखणे

हे काम आदल्या दिवशी करा, आणि बैठक ज्या वेळी असेल त्याच वेळी करा. सकाळचा वारा आणि संध्याकाळचा वारा सारखा नसतो. भट्टीजवळ उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते पाच मिनिटं बघत राहा. धूर ज्या बाजूला जाईल तिथे कोणी बसणार नाही. पेटी आणि गायक त्याच्या बरोबर उलट बाजूला.

ऐरणीपासून बारा फुटांवर फक्कीची (पांढऱ्या भुकटीची) रेघ मारा. रेघेच्या आत फक्त लोहार आणि घणकरी. ठिणग्या सात-आठ फूट सहज येतात. बाकीची जागा पहिल्या रांगेतलं मूल उठून पुढे धावलं तर त्याला धरण्यासाठी आहे.

इथे आपल्या रीतीची आणि जागेची टक्कर होते, तिचा विचार आधी करून ठेवा. बैठक म्हटली की चपला बाहेर काढायच्या, आणि ऐरणीजवळ तर पायताण घालून जाणं कोणालाच आवडत नाही. पण भात्याची जमीन अनवाणी चालण्यासारखी नसते. घाव बसला की लोखंडाचे तापलेले पापुद्रे उडतात, ते मातीत पडून राहतात आणि पायाला टोचतात, भाजतातही. म्हणून श्रोत्यांना पूजेच्या निमित्तानेही आत सोडू नका. ऐरणीला हळदकुंकू वाहायचं ते लोहाराच्या घरच्यांनी, विस्तव पेटवण्याआधी. सतरंज्या रेघेबाहेर, झाडून घेतलेल्या जागेवर.

उजेड: हॅलोजन किंवा मोठा एलईडी भट्टीवर मारू नका. लोखंड कितपत तापलं हे लोहार रंगावरून ओळखतो. लाल, नारिंगी, पिवळा हे फरक अंधुकातच दिसतात. भगभगीत उजेडात तो फसतो आणि लोखंड जळतं. एकच दिवा, श्रोत्यांच्या मागून, तोही पुढे गायक बसतील त्या जागेवर.

पत्र्याचा घुमारा कमी करायला गोणपाट लटकवतात. चालेल, पण भट्टीच्या वर किंवा जवळ नाही. गायकांच्या मागच्या भिंतीला घोंगड्या लावल्या तरी बराच फरक पडतो.

सावधान: थंडी वाजते म्हणून ताडपत्रीने चारही बाजू बंद करू नका. आम्ही एकदा केल्या. अर्ध्या तासात चार-पाच जणांचं डोकं दुखायला लागलं आणि ओव्या म्हणणाऱ्या एका आजींना चक्कर आली. आम्हाला वाटलं, थकल्या असतील. बाहेर मोकळ्यावर आणल्यावर दहा मिनिटांत त्यांना बरं वाटलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत तो जीव घेतो. समोरासमोरच्या दोन बाजू पूर्ण उघड्या हव्यातच. थंडीसाठी घोंगडी अंगावर घ्या.

५. परवानगी आणि पाणी

माइक लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि उघड्यावरची वाद्यंही याच वेळेत बंद. माझा सल्ला माइक नकोच असा आहे, पण १० च्या आत संपवायचं हे दोन्ही बाबतींत लागू. ग्रामपंचायतीला आणि शेजारच्या दोन-चार घरांना आधी सांगून ठेवा. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, कुणाची बारावीची मुलगी अभ्यास करत असेल.

दोन पिंपं पाणी, चार बादल्या वाळू. भाजल्यावर लगेच वीस मिनिटं गार, स्वच्छ, वाहतं पाणी घालायचं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावायचं नाही. लोखंड विझवायच्या कुंडीतलं पाणी जखमेला चालत नाही, ते घाण असतं. मोठं भाजलं तर १०८. रुग्णवाहिका गल्लीतून आत येईल इतकी वाट मोकळी ठेवा, दुचाक्या तिथे लावू देऊ नका.

६. वाद्यं

सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथे, म्हणून थोडं सविस्तर.

डफ, हलगी वाजवणारे कातडं चढवायला विस्तवावर शेकतात, ते आपण नेहमी बघतो. त्यामुळे भट्टी म्हणजे आयती सोय असा समज होतो. पण पालापाचोळ्याच्या जाळावर दोन मिनिटं शेकणं वेगळं आणि भात्याच्या धगीसमोर अर्धा तास ठेवणं वेगळं. आधीच ताणलेली पुडी (वाद्याच्या तोंडावरचं कातडं) तिथे फाटते. ढोलकीच्या शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाला, भेगा जातात. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक वाळते. पहिल्या बैठकीत मी अगदी जवळ बसलो होतो. अभंग सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, कणकेची कड पांढरी पडली, मग तिला बारीक चीर गेली आणि एका थापेला अख्खी टिकली सुटून मांडीवर पडली. खालचा आवाजच गेला. पखवाजवाल्या काकांनी ती उचलून पाण्यात मळली, परत लावली, पुन्हा तेच. आता ओल्या फडक्यात कणकेचा गोळा बाजूला ठेवतो आणि ती लावायची ती विस्तव काढल्यावरच.

मेणाची वाद्यं याहून नाजूक. थाळगान म्हणजे थाळीच्या साथीने गाणं. त्यात काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतात आणि तिच्यावरून बोटं ओढत स्वर धरतात. उष्णतेने मेण मऊ पडलं की काडी कलंडते. तारप्याचे (फुंकून वाजवायच्या भोपळ्याच्या वाद्याचे) सांधेही मेणाने बुजवलेले असतात. ही वाद्यं काम चालू असताना घरात ठेवा, बाहेर आणूच नका.

पेटीलाही भाता असतो आणि तो समोरची हवा आत ओढतो. हवेत कोळशाची बुकणी असेल तर ती सुरांवर बसते आणि मग एखादा सूर बोलत नाही किंवा दबका बोलतो. काम संपेपर्यंत पेटी झाकून, पाटावर ठेवलेली.

आता क्रम, कारण चूक नेमकी इथेच होते. वादक लवकर येतात, बसल्या बसल्या सूर लावून ठेवतात. भट्टीच्या उबेत लावलेला तो सूर असतो. विस्तव काढला, गारवा उतरला, की कातडं सैल पडतं आणि पहिल्याच गाण्यात ढोलकी उतरते. म्हणून:

(अ) वाद्यं तासभर आधी पिशवीतून काढा, पण सैलच ठेवा.
(आ) काम चालू असताना ती भट्टीपासून वीस फुटांपलीकडे.
(इ) निखारे काढून वीस मिनिटं झाल्यावर, प्रत्यक्ष बसायच्या जागी सूर लावा.
(ई) पहिल्या गाण्यानंतर पुन्हा एकदा बघा.

आणखी एक. जुन्या दिमडीला (छोट्या डफासारख्या वाद्याला) घोरपडीचं कातडं असू शकतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. बोलावतानाच सांगा की बकऱ्याच्या कातड्याची दिमडी आणा. गरीब कलावंत आपल्यामुळे अडचणीत यायला नको.

७. भट्टीचं काम: पाऊण तास, जास्त नाही

डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो. पाचला विस्तव पेटवा, साडेपाच ते सव्वासहा काम.

काम खरं असू द्या. दाखवायचं म्हणून सळई वाकवण्यापेक्षा गावातल्या कुणाची बोथट झालेली कुदळ घ्या. टोक काढायला तीन-चार ताव लागतात, शेवटी पाणी देणं (तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करणं) बघायला मिळतं, आणि कुदळ मालकाच्या हातात जाते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत जाऊ देऊ नका, त्याच्या धुराने ताप आणि मळमळ होते. तेलात विझवायचं काम या दिवशी नको.

या वेळात टाळ्या नाहीत, ताल नाही, गाणं नाही. यावर लोक नाराज होतात, कारण घणाच्या ठेक्यावर ढोलकी वाजवावी असं प्रत्येकाला वाटतं. पण लोहार हातोडीच्या टिचकीने जागा दाखवतो आणि घण तिथेच बसतो. त्या टिचकीकडे घणकऱ्याचा कान लागलेला असतो. घावांची गती लोखंड ठरवतं: ताव असेपर्यंत पटपट, रंग उतरला की थांबायचं. बाहेरून दुसरा ठेका आला की घणकऱ्याचा हात नकळत त्याच्या मागे जातो, आणि घण चुकला तर समोर लोहाराचा हात असतो. पाऊण तास नुसतं ऐका. हातोडीचा बारीक आवाज, घणाचा जड आवाज, मधे भात्याचा श्वास. तेही गाणंच आहे.

सावधान: लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही, काळ्या लोखंडाला लावतात. साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की लोखंड काळंच दिसतं, पण हात जागीच भाजतो. तापलेला प्रत्येक तुकडा एकाच ठरलेल्या पत्र्यावर ठेवायचा आणि त्याच्यावर फक्कीने फुली मारायची. श्रोत्यांना सुती कपडे घालून यायला आधीच सांगा. नायलॉनच्या साडीला ठिणगी लागली की कापड वितळून अंगाला चिकटतं.

८. विस्तव काढणे

हे लोहारानेच करायचं. निखारे पसरून एकमेकांपासून वेगळे केले की ते लवकर मंदावतात. त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतू नका. वाफेबरोबर तापलेली राख उडते आणि भट्टीची माती तडकते. भात्याऐवजी विजेचा पंखा असेल तर बटण बंद करून प्लगही काढा, नाहीतर गाण्याच्या मधे कोणीतरी चुकून सुरू करतं. ऐरणीवर ओलं गोणपाट टाका, म्हणजे ती गार झाली का हेही कळतं आणि तिच्यावर कोणी बसतही नाही.

पुढचा अर्धा-पाऊण तास चहाचा. याच वेळात वाद्यं लागतात. हा वेळ कापायचा मोह होतो, कापू नका.

तपासा: दोन बाजू उघड्या आहेत का? फुली मारलेला पत्रा लोहाराने आत नेला का? पंख्याचा प्लग काढला का?

९. बैठक

सातला सुरुवात, पावणेदहाला शेवट. हळू आवाजाचं आधी. थाळगान असेल तर पहिलं, कारण त्याला शांतता लागते आणि त्या वेळी लहान मुलंही दमून बसलेली असतात. मग जात्यावरच्या ओव्या. मग भजन किंवा भीमगीतं, ज्या गावात जे गळ्यात असेल ते. गोंधळ शेवटी, कारण संबळ वाजल्यावर पुन्हा ओवीचा आवाज कानाला लागत नाही.

ऐरणीचा ठेका हवाच असेल तर एका गाण्यापुरता, लोहाराच्याच हाताने. लहान हातोडी, ऐरणीवर मऊ लोखंडाची पट्टी, आणि फक्त समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) एक टिचकी. ऐरणीचा आवाज फार तीक्ष्ण असतो. तिच्या अंगाभोवती जाड साखळी आवळून गुंडाळली की झणत्कार कमी होतो. ऐरणीचा सूर बदलता येत नाही, म्हणून आदल्या दिवशीच तुणतुणं तिच्या सुराला लावून बघा. गायकाच्या पट्टीत बसत नसेल तर हा भाग सोडून द्या.

निवेदन कमी करा. गायकाने स्वतः दोन वाक्यं सांगितली तर पुरे. सत्कार, शाल, भाषणं यांना या बैठकीत जागा नाही. लोहाराला मात्र पहिल्या रांगेत बसवा आणि त्याच्यासाठी जागा धरून ठेवा. दिवसभर उभा असलेला माणूस लाजून मागे उभा राहतो.

१०. रात्री आणि सकाळी

बिदागी त्याच रात्री, पाकिटात, ठरलेली पूर्ण रक्कम. पेठ-सुरगाण्याकडे परतणाऱ्यांसाठी गाडी आधी ठरवून ठेवा. त्या वेळी एसटी मिळत नाही.

राखेखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. दोन माणसं शेवटपर्यंत थांबतील आणि भट्टीवर लोखंडी पत्रा झाकून, सतरंज्या-गोणपाट दूर नेऊनच घरी जातील. राख उकिरड्यावर टाकायची घाई नको, तिथे सुकलेला चारा असतो.

सकाळी लोहाराच्या आधी तिथे पोहोचा. झाडू मारा, मग दोरीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक जमिनीवरून फिरवा. पापुद्रे, खिळे, सळईचे तुकडे त्याला चिकटतात. नाहीतर ते गुरांच्या खुरांत जातात. फक्कीची रेघ पुसा. हातोड्या, सांडशी, छिन्न्या होत्या त्याच खुंटीवर आहेत ना हे लोहारालाच बघू द्या, अंदाजाने लावू नका. जातं ज्यांचं त्यांच्या घरी पोचवा, आणि दळलेलं पीठही त्यांच्याच घरी द्या.